अनुमोदक : रेडमी नोट ८

मी राहतो ते केडगाव नगरचं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण केडगाव म्हटलं की निम्मा महाराष्ट्र दौंड तालुक्यात जाऊन उतरतो. त्या केडगावला रेल्वे स्टेशन आहे, पंडिता रमाबाईंनी उभारलेलं मुक्ती मिशन आहे. आमच्या केडगावला रेणुकामाता आहे, नवरात्रात तिची यात्रा आहे, पुणे रोड आहे आणि बायपासला नेप्तीच्या मार्केटकडं निघालेल्या कांद्याच्या गाड्या आहेत. स्टेशन तेवढं नाही. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण ‘कुठलं केडगाव?’ हा प्रश्न होता तिथंच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांनी एक मेळावा घेतला. विषय ‘निवृत्तीनंतरचं नियोजन’, वक्ते पुण्याचे. चारची वेळ होती. चार वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला.

“स्टेशनच्या बाहेर उभा आहे. गाडी कुठाय?”

“साहेब, कुठलं स्टेशन?”

“केडगाव.”

“साहेब, केडगावला स्टेशन नाही.”

“अहो, मी त्याच्यावरच उभा आहे!”

ते पोचेपर्यंत सभा लांबवणं आलं. प्रास्ताविक झालं. प्रास्ताविकाचं प्रास्ताविक राहिलं होतं, तेही झालं. मेळाव्याशी काहीही संबंध नसलेल्या अकरा जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाली चारच होत्या. त्या मागच्या दारानं परत येत होत्या. पाहुणे आले तेव्हा मांडववाला कनात सोडत होता. उरलेल्या पाच-सात जणांनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि त्या गृहस्थांनी बशीत चहा ओतत ओतत, आपल्याला पेन्शन कशी कमी बसली, मुलाला फ्लॅटसाठी पैसे देऊन आपण कसे फसलो, हे तासभर सांगितलं. त्यांनी लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं. त्या दिवशी ओट्यावर होते ते लोक अजून त्या गप्पांची आठवण काढतात. मांडवात होते त्यांना फक्त शाली आठवतात.

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत तीस वर्षं काढली. गुणवत्ता, सुरक्षितता, ऊर्जाबचत अशा विषयांवरच्या परिषदांना कंपनी मला पाठवत असे, कारण मी शॉपवर नसलो तरी उत्पादनावर परिणाम होत नाही हे साहेबांच्या लक्षात आलं होतं. परिषदेला माणूस ज्ञानासाठी जातो हा गैरसमज आहे. माणूस पिशवीसाठी जातो. पिशवीत पेन, वही, बिसलेरीची छोटी बाटली आणि तीन दिवसांची जेवणाची कुपनं असतात. त्यातलं दुसऱ्या दिवशीच्या रात्रीचं कुपन हरवतं. आमच्या घरी अशा नऊ पिशव्या आहेत. ‘ऊर्जा संवर्धन राष्ट्रीय परिषद’ असं लिहिलेल्या पिशवीतून अजून मेथी येते, आणि ती पिशवी तिथं बोलल्या गेलेल्या प्रत्येक भाषणापेक्षा जास्त टिकली आहे.

परिषदेतला खरा उत्कंठेचा क्षण म्हणजे दीपप्रज्वलन. समईला पाच वाती, व्यासपीठावर सात मान्यवर. म्हणजे दोघांनी मेणबत्तीला नुसता हात लावायचा. वर पंखा फुल स्पीडवर. पहिली वात लागते, दुसरी लागेपर्यंत पहिली विझते. फोटोग्राफर म्हणतो, “सर, तसेच राहा.” कुणीतरी ओरडतं, “पंखा बंद करा!” मग एक कार्यकर्ता पळत जाऊन सभागृहातली अठरा बटणं एकामागून एक दाबतो. दिवे जातात, माईक जातो, पडदा वर जातो. पंखा चालूच असतो. माझ्या उभ्या आयुष्यात मी सगळ्या सभागृहाला एकजीव होऊन, श्वास रोखून काही बघताना पाहिलं असेल तर ते एवढंच.

न जाण्याचीही एक रीत होती. न्या. रानड्यांच्या पुढाकारानं पहिली ग्रंथकार सभा भरली १८७८ साली पुण्यात. पुढं १८८५ च्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, तर आपण का येणार नाही हे त्यांनी पत्र लिहून खडखडीत कळवलं. त्या पत्रावर मराठीत अजून चर्चा होते. सभेत कोण काय बोललं ते अभ्यासकांना विचारावं लागतं. आता आमंत्रण व्हॉट्सअॅपवर येतं, आपण अंगठा दाखवतो, आणि जात नाही. अंगठ्याचा अर्थ ‘येतो’ असाही होतो आणि ‘वाचलं’ असाही. आयोजक पहिला अर्थ धरून पाटवड्या सांगतात.

आता भरगच्च उपस्थितीचं म्हणाल, तर त्या बाबतीत नगरच्या पुढं कुणी जाऊ नये. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ ठरावानंतर इंग्रजांनी काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य आमच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, नरेंद्र देव, शंकरराव देव. त्यातले बहुतेक जवळजवळ तीन वर्षं एकत्र होते. बाहेर जायची सोय नाही, ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे’ म्हणायची सोय नाही. विषयपत्रिका नाही, अहवालवाचन नाही, आभारप्रदर्शन नाही. त्यातून नेहरूंचं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ निघालं आणि आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’. आझादांचं पुस्तक म्हणजे पत्रं. त्यांत राजकारण कमी आणि पहाटे उठून स्वतः केलेल्या पांढऱ्या जस्मिन चहाचं कौतुक जास्त. माणसं चांगली असतील आणि चहा वेळेवर असेल तर इतिवृत्ताचे ग्रंथ होतात, ते असे. आमच्या कॉलनीच्या इतिवृत्ताचं रजिस्टर मात्र २०१४ पासून एकच आहे आणि त्याची मागची पानं दुधाच्या हिशेबाला लागली आहेत.

ते रजिस्टर माझ्याकडं आलं, कारण निवृत्त झाल्याबरोबर लोकांनी मला रो-हाऊस सोसायटीचा मानद सचिव केलं. मानद म्हणजे फुकट. चौसष्ट घरं. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, चौदा दिवस आधी नोटीस काढावी लागते, आणि त्या नोटिशीच्या तळाला मराठीतलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य असतं : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. म्हणजे सहाच्या सभेला वीस माणसं लागतात. साडेसहाच्या सभेला मी आणि सतरंजी पुरतो. हे वाक्य माहीत असल्यामुळं सहाला कुणीच येत नाही. आमच्याच तालुक्यात हिवरे बाजार आहे. तिथं ग्रामसभेत आधी गावातलं पाणी मोजतात आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. आमच्याकडं आधी ठरतं, मग भांडण होतं, मग मोजायला टेप आणतात.

२०२० साली मार्चच्या २४ तारखेला रात्री आठला लॉकडाऊन जाहीर झाला आणि सतरंजीच बंद झाली. मे-जूनमध्ये वेबिनारांचा असा पूर आला की मुळा नदीला कधी आला नसेल. माझा मेव्हणा प्राध्यापक. त्यानं दोन महिन्यांत बासष्ट प्रमाणपत्रं मिळवली. त्यात ‘केळीचे ऊतिसंवर्धन’ आहे, आणि तो मराठी शिकवतो. त्याची पद्धत सोपी होती : लिंक उघडायची, आवाज बंद करायचा, झोपायचं, शेवटच्या पाच मिनिटांचा गजर लावायचा. कारण फीडबॅक फॉर्मची लिंक शेवटी पडते. फॉर्ममध्ये प्रश्न असे, ‘वक्त्यांचे विवेचन कसे वाटले?’ तो लिहीत असे, ‘डोळे उघडले.’

सरकारनं त्या वर्षी सभा घ्यायला मुदत वाढवून दिली आणि ऑनलाइन घ्यायलाही मोकळीक दिली. मी रीतसर तयारी करायची म्हणून ‘ऑनलाइन सभा रंगतदार कशी कराल?’ या विषयावरच्या एका प्रशिक्षणाला बसलो. पहिला मंत्र होता, सहभागींना बोलतं करा. हे सांगण्यासाठी प्रशिक्षकांनी आम्हा सगळ्यांना म्यूट केलं होतं. नंतर चुकून स्वतःलाही केलं. बारा मिनिटं ते हातवारे करत होते. चॅटमध्ये ‘सर आवाज नाही’, ‘सर आवाज’, ‘आवाज’ असा पाऊस पडला. त्यांनी तो बघितला, कौतुक समजले, आणि छातीवर हात ठेवून नम्रपणे मान लववली.

तरी दोन गोष्टी मी वहीत उतरवून घेतल्या. एक, सुरुवातीला ‘आइसब्रेकर’ घ्या. म्हणजे सगळ्यांना एक हलकाफुलका प्रश्न विचारा. दोन, सभा मरगळली तर लोकांना लहान लहान खोल्यांत पाठवा.

फेब्रुवारी २०२१ मधला रविवार, संध्याकाळी सहा. झूमचं फुकट खातं. त्याची सभा चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडते. मुलगा म्हणाला, बाबा, पैसे भरा. मी म्हणालो, सोसायटीचा पैसा आहे, तहकूब करत करत घेऊ.

लोक यायला लागले. पहिल्या चौकटीत छताचा पंखा. दुसऱ्या चौकटीत अर्धं कपाळ आणि देव्हारा. तिसरीत काकू मेथी निवडत होत्या. ऊर्जा परिषदेची एक पिशवी त्यांच्याकडंही होती. नावांची तऱ्हा अशी : ‘सॅमसंग’, ‘ओप्पो’, ‘चिनूचा क्लास’, ‘आई’, ‘रेडमी नोट ८’. हजेरी घ्यायची तर ‘आई’ म्हणून कुणाला हाक मारायची? स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन म्हणून प्राध्यापक आहेत. अशा सभांनी माणूस का थकतो याची कारणं त्यांनी त्याच वर्षी मांडली. त्यात एक असं की, माणसाला सतत स्वतःचं तोंड बघत बसावं लागतं. पटलं. एरवी आम्ही स्वतःकडं एवढा वेळ फक्त कटिंगच्या दुकानात बघतो, आणि तिथंही दाढी करताना डोळे मिटतो.

एकतीस जण जमले. वीसचा आकडा ओलांडलेला बघून मला भरून आलं. मी हलकाफुलका प्रश्न विचारला, “आपला आवडता रंग कोणता?”

क्षणभर शांतता. मग कोपऱ्यावरच्या अण्णांनी माईक उघडला. “आवडत्याचं राहू द्या, सचिव. गेटचा कुठला देताय ते सांगा.”

बर्फ फुटला तो असा. गेटला रंग द्यायचा विषय आठव्या क्रमांकावर होता. मी कळवळून म्हणालो, आधी ताळेबंद. सगळ्यांना गेटकडं यायची एवढी घाई झाली होती की अकरा लाखांचा ताळेबंद एका मिनिटात आटोपला. खरी सभा असती तर “मंजूर, मंजूर!” असा गजर झाला असता. इथं एकतीस तोंडं हलली. माईक बंद असल्यानं आवाज शून्य. ‘सूचक’ अण्णा झाले. “अनुमोदक?” मी विचारलं. कुणी बोलेना. शेवटी ‘रेडमी नोट ८’ मधून एक भारदस्त आवाज आला, “अनुमोदन आहे.” कॅमेरा बंद होता. आवाज ओळखीचा वाटला नाही, पण फोनवर सगळ्यांचेच आवाज तसे येतात. मी रजिस्टरात लिहिलं, अनुमोदक : रेडमी नोट ८.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या साहेबानं १९५० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे : एक समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि साडेतीनशे पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास भांडते. अणुभट्टी कुणाला कळत नाही. सायकलचं शेड सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पार्किन्सन केडगावला आले असते तर त्यांचं पुस्तक अर्ध्या वेळात लिहून झालं असतं. मी म्हणालो, चॅटमध्ये मत द्या. हिरव्याला ‘हि’, निळ्याला ‘नि’, चॉकलेटीला ‘चॉ’. मतं पडली बेचाळीस. एकेका मोबाईलवर दोन दोन माणसं. त्यातली नऊ मतं होती ‘हो’. एक होतं ‘पाणी आलं का?’

कारण तो पाण्याचा दिवस होता. वाल्व्हमनच्या मोटरसायकलचा आवाज एका माईकमधून आला आणि एकतीस चौकटींमधली अठरा डोकी एकदम उठून गेली. मागं भिंती, कॅलेंडरं आणि एक सोफा. मी सोफ्याला उद्देशून अहवाल वाचला. लोक भिजलेल्या पँटा घेऊन परतले तोवर चाळीस मिनिटं संपली, सभा बंद पडली. मी नवी लिंक टाकली, त्याच दिवशी, त्याच ठिकाणी.

दुसऱ्या लिंकवर वातावरण तापलं. निळा म्हणजे अमुक पक्ष, हिरवा म्हणजे तमुक, चॉकलेटी म्हणजे बिल्डरनं दिलेलाच, इथपर्यंत गाडी आली. मला वहीतला दुसरा उपाय आठवला. मी आपोआप वाटणीचं बटण दाबलं आणि सगळ्यांना तिघा-तिघांच्या खोल्यांत पाठवून दिलं. मग यादी बघितली आणि घाम फुटला.

चार नंबरच्या खोलीत नाना आणि मास्तर.

नाना आणि मास्तर शेजारी. मधली भिंत सामायिक. नानांच्या गच्चीची पन्हळ मास्तरांच्या अंगणात पडते, बरोबर तुळशीवर. सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. पावसाळ्यात मास्तर छत्री घेऊन तुळशीला पाणी घालायला जात, फक्त नानांना दिसावं म्हणून. सर्वसाधारण सभेत दोघं सतरंजीच्या दोन टोकांना बसत आणि आम्ही सगळे मध्ये. आणि त्यांच्या खोलीतला तिसरा कोण, तर ‘रेडमी नोट ८’.

बाकीच्या खोल्या पाच मिनिटांत रिकाम्या झाल्या. लोक परत मोठ्या खोलीत आले आणि सगळ्यांनी पहिल्यांदाच मन लावून सभा ऐकायला सुरुवात केली, म्हणजे जी सभा ऐकू येत नव्हती ती. गेटचं नाव कुणी काढेना. काकूंनी मेथी बाजूला ठेवली. “सचिव, आत जाऊन बघा ना,” अण्णा म्हणाले. मी यजमान, मला आत जाता आलं असतं. हिंमत झाली नाही. चाळीस मिनिटं भरली आणि सगळंच बंद पडलं.

तिसरी लिंक टाकली. नऊ जण आले. त्यात नाना नव्हते, मास्तर नव्हते. ‘रेडमी नोट ८’ होता.

“रेडमी नोट ८,” मी म्हणालो, “आपण कोण? घर नंबर सांगा, इतिवृत्तात घ्यायचंय.”

“घर नंबर कसला?” आवाज आला. “ही केडगावचीच सभा ना?”

“हो.”

“मग बरोबर आहे. आमच्या पतसंस्थेची पण आज सभा होती. ग्रुपवर कुणीतरी ‘केडगाव सभा’ म्हणून लिंक टाकली. पण आमच्या संस्थेला गेट नाही, म्हणून मला मघापासून शंका येत होती.”

“साहेब,” मी हळूच विचारलं, “तुमच्या केडगावला स्टेशन आहे का?”

“आहे की! तुमच्या नाही?”

दौंड तालुक्यातल्या एका सद्गृहस्थानं आमच्या अकरा लाखांना अनुमोदन दिलं होतं. अण्णा खो खो हसायला लागले. मी म्हणालो, अहो, चूक कळल्यावर सभा सोडून का नाही गेलात?

“जाणारच होतो. पण तुम्ही त्या दोघांबरोबर मला खोलीत टाकलं. एक म्हणतो, ‘यांना सांगा, पाइप माझा आहे.’ दुसरा म्हणतो, ‘यांना विचारा, तुळस कुणाची आहे.’ मी कोण, कुठला, दोघांनी विचारलं नाही. मी इकडचं तिकडं सांगत बसलो. मग म्हणलं, ओ, पाइपला कोपऱ्यावर एक एल्बो टाकून रस्त्याच्या बाजूला काढला तर? दोघं गप्प. मग एक जण म्हणाला, ‘यांना सांगा, शिडी माझ्याकडं आहे.’ तेवढ्यात तुमची मीटिंग बंद पडली.” जरा थांबून त्यानं विचारलं, “पन्हळीचं काय झालं पुढं?”

खाली काहीतरी खडखडलं. मी लॅपटॉप उचलला आणि खिडकीशी नेला. शिडी मास्तरांनी धरली होती. नाना तिसऱ्या पायरीवर होते, तोंडाला मास्क, हातात मोबाईलची बॅटरी. मास्तरांच्या सूनबाई दारात चहाचे दोन कप घेऊन, कुणाला आधी द्यावा या विचारात उभ्या होत्या.

“जरा खाली धरा ना,” रेडमी नोट ८ म्हणाला, “एल्बो दिसत नाहीये.”